पाच पाऊण पावणेचार

एकोणचाळीस फॉर्म गेले होते, एकोणचाळीस परत आले. एकही गहाळ नाही, एकालाही उशीर नाही. मी खूश. पाकिटं फोडायला बसले आणि पाचव्या पाकिटापर्यंत माझा चेहरा उतरला.

पहिला प्रश्न होता, ‘शाळेत आपण पुढारीपण कसे करता?’ सगळ्या हेडमास्तरांचं उत्तर एकच, फक्त अक्षर वेगळं. ‘मी कोणत्याही पुढारीपणात नाही. पूर्वीही नव्हतो.’ एकाने तर लिहिलं होतं, ‘माझे मेव्हणे पुढारी आहेत, परंतु आमचे येणे-जाणे नाही.’

दुसरा प्रश्न, ‘शाळेत आपण कोणते नवे प्रकार सुरू केले?’ उत्तर, ‘आमच्या शाळेत असा कोणताही प्रकार घडलेला नाही.’ खाली सही आणि शाळेचा शिक्का.

ही साठच्या दशकातली गोष्ट. मी शाळा तपासणारी अधिकारी होते. अशा अधिकाऱ्याला तेव्हा गावोगाव डिपोटी म्हणत. मी बाई, म्हणून डिपोटीण. माझ्याकडे खाडीकाठच्या शाळा होत्या. पावणे, जुई, खाली न्हावा आणि शेवा. नवी मुंबई हा शब्दसुद्धा जन्मला नव्हता. आज जुईनगरला फ्लॅट घेतलेल्या माणसाला मी सांगते की इथे मिठागरं होती आणि मी चपला हातात घेऊन शाळा तपासायला जायची, तेव्हा तो नुसता हसतो.

नोकरी सांभाळून मी पीएच.डी. करत होते. विषय होता शाळेच्या प्रमुखाची लीडरशिप आणि इनोव्हेशन. म्हणजे, शाळा पुढे कोण नेतं आणि तिथे नवं काय घडतं. ‘नेतृत्व’, ‘नवोपक्रम’ हे शब्द मला फार पुस्तकी वाटले. म्हटलं, आपण सोपं मराठी लिहू. त्या सोप्या मराठीने माझा घात केला. सरकारी नोकराला राजकारण बंद, त्याला मी पुढारीपण विचारत होते. आणि ‘प्रकार’ तर आपल्याकडे फक्त वाईटच घडतात. त्यातून पाकिटावर माझ्याच ऑफिसचा शिक्का. कोण कबूल होणार?

माझे गाइड मुंबईच्या कॉलेजातले वयस्कर प्रोफेसर होते. त्यांनी फॉर्म वाचले आणि डोळे पुसेपर्यंत हसले. मग गंभीर झाले. म्हणाले, टर्म संपेपर्यंत एक तरी खरं उदाहरण आणा. मुदत आधीच एकदा वाढवून घेतली आहे, आता रजिस्ट्रेशन रद्द होईल. चार वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ आली होती.

मी सरप्राइज व्हिजिट सुरू केल्या. तिसऱ्याच दिवशी खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका दोन-मास्तरी शाळेवर अकरा वाजता पोचले. दाराला कुलूप. माझं टाळकं सरकलं. अकरा ते पाच ही सरकारी वेळ, आणि इथे चिटपाखरू नाही. ओट्यावर बसून मी मनातल्या मनात कडक शेरा लिहायला घेतला.

शेजारच्या अंगणात एक बाई बोंबील वाळत घालत होती. तिला विचारलं, मास्तर कुठे आहेत? तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी दिवसाढवळ्या सूर्य कुठे आहे ते विचारलं.

“आज पंचमी हाय ना, बाय. पावनेचारची भरती. शाला पावनेदोनला भरंल.”

मला काडीचं कळलं नाही. पण बसून राहिले.

पावणेदोनला खाडीच्या वळणावरून होडी आली. पोरांनी गच्च भरलेली. वल्ह्यावर एक माणूस, आणि वल्ह्याच्या ठेक्यावर पोरं घसा फोडून म्हणत होती, “दोन पाऊण दीड! तीन पाऊण सव्वादोन! चार पाऊण तीन! पाच पाऊण पावणेचार!”

ही पाऊणकी. पाऊण म्हणजे तीन चतुर्थांश, त्याचा पाढा. तेव्हा तो सगळ्याच शाळांत पाठ करून घेत, आणि सगळ्याच शाळांत पोरं तो झोपेत म्हणत. इथे मात्र पोरं अशी म्हणत होती, की त्यात त्यांचं काही काम असावं.

होडी काठाला लागली. वल्हेवाला धोतर खोचून आधी स्वतः गुडघाभर चिखलात उतरला आणि एकेका लहान पोराला उचलून कोरड्यावर ठेवू लागला. हे हेडमास्तर, हिराजी मास्तर. फॉर्मवर ‘पूर्वीही नव्हतो’ लिहिणारे. मला पाहिलं आणि हातातलं पोर तसंच अधांतरी राहिलं.

मी म्हटलं, मास्तर, आधी त्याला खाली ठेवा. मग हा काय प्रकार आहे तो सांगा. ‘प्रकार’ म्हटल्यावर ते आणखीच घाबरले.

हळूहळू उलगडा झाला. अर्धी मुलं पलीकडच्या पाड्यावरची. ओहोटीला मधे नुसता गाळ, माणूस कमरेपर्यंत रुतेल. होडी चालते ती भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास. आणि भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. अकरा ते पाच शाळा होती तेव्हा ही मुलं महिन्यातून जेमतेम आठ-दहा दिवस यायची. मास्तरांनी शाळाच भरतीला जोडली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आज पंचमी, पाच पाऊण पावणेचार. दोन तास आधी शाळा भरते, दोन तास नंतर सुटते. उद्याची वेळ कुणी फळ्यावर लिहीत नाही, पोरं स्वतः काढतात. अष्टमीला भरती पडते सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. त्या दिवशी मास्तर सकाळच्या पाण्याने पाड्यावर जातात, दिवसभर तिथेच शिकवतात आणि संध्याकाळच्या पाण्याने परत येतात. इकडची मुलं दुसरे मास्तर बघतात.

मी हजेरीपट उघडला, सगळी मुलं हजर. मला त्या ओट्यावर फुगडी घालावीशी वाटत होती. अगं बाई, हेच ते! चार वर्षं मी जे लायब्ररीत शोधत होते, ते इथे चिखलात उभं होतं.

“मास्तर, हे फॉर्मवर का नाही लिहिलंत?”

“बाई, तुमी विचारलंत, कुठले नवे प्रकार करता. आता कोन लिवनार, मी वेळ मोडतो म्हनून? आनि हे नवं तरी कुठं? सगला गाव असाच मोजतो. मी फक्त घंटा त्याला बांधली.”

मी विचारलं, मी हे थिसिसमध्ये लिहू का? ते आत जाऊन कपाटातलं शेरेबुक घेऊन आले. शेरेबुक म्हणजे तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने आपलं मत सहीनिशी लिहायची वही.

“थिसिसमधी मागाहून लिवा. आधी हितं लिवा. तिकडं लिवलंत आनि हितं नाय, तर मी घरी बसलो.”

खरंच होतं त्यांचं. माझा थिसिस छापून येणार, वर कुणीतरी वाचणार, आणि वेळ मोडली म्हणून मास्तर सस्पेंड. मला पदवी, त्यांना घरचा रस्ता. पण शेरेबुकात चांगलं लिहिलं तर नियम मोडणाऱ्या शाळेला मी पाठीशी घातलं असं होणार. मग माझीच चौकशी. खोटं कशाला सांगू, मी घाबरले. म्हटलं, मास्तर, मी ऑफिसात विचारते आणि मग लिहिते.

हिराजी मास्तर शांतपणे म्हणाले, “तुमीच विचारलं होतंत ना बाई, पुढारीपन कसं करतात. मला तवा ठाऊक नव्हतं. आता बघतो, तुमी कसं करता ते.”

मला लाज वाटली. पेन उघडलं आणि लिहिलं, ‘शाळा भरतीच्या वेळेनुसार भरते. मी स्वतः पाहिली. हजेरी पूर्ण. ही पद्धत चालू ठेवावी.’ खाली ठसठशीत सही केली.

पाचव्या दिवशी साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे जिल्ह्याचे अधिकारी, माझे वरिष्ठ. टेबलावर माझ्या शेऱ्याची नक्कल.

“बाई, एखादी शाळा उद्या किती वाजता भरणार, हे मला इथे बसून कळायला हवं.”

“कळेल की, साहेब. उद्या तिथी कोणती?”

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. “एकादशी.”

“अकरा पाऊण?”

साहेब जुन्या शाळेत शिकलेले. जीभ आपोआप वळली. “सव्वाआठ.”

“म्हणजे सकाळी सव्वाआठची भरती. शाळा सव्वासहाला.”

ते पुन्हा कॅलेंडरकडे वळले. बारा पाऊण नऊ. तेरा पाऊण पावणेदहा. पौर्णिमेपर्यंत पोचले तेव्हा मी समोर उभी आहे हे त्यांच्या लक्षात नव्हतं. मग घसा खाकरून म्हणाले, रीतसर अर्ज मागवा, प्रायोगिक तत्त्वावर एक वर्ष परवानगी देतो. मी जिना उतरले तो दोन-दोन पायऱ्या टाकत. नऊवारीत.

ही बातमी खाडीकाठी वाऱ्यासारखी गेली. मी नवे फॉर्म काढले. या वेळी साधं विचारलं, ‘तुमच्या शाळेत अडचण कोणती होती, आणि ती सोडवायला पहिलं पाऊल कोणी टाकलं?’ फॉर्म परत आले ते पुरवण्या जोडून. मेव्हण्याला नाकारणाऱ्या हेडमास्तरांनी सहा पानं लिहिली होती.

हिराजी मास्तरांनी अडचण लिहिली, ‘वेळ.’ पहिलं पाऊल कोणी टाकलं, याच्यापुढे एकच शब्द, ‘डिपोटीणबाई.’

गाइडनी तो फॉर्म मोजणीतून काढायला लावला. म्हणाले, संशोधकाने स्वतःच्या डेटात शिरायचं नसतं. मी मुकाट्याने काढला. थिसिस पास झाला, नावामागे डॉक्टर लागलं, गावांत मात्र मी शेवटपर्यंत डिपोटीणच राहिले. पुढे विद्यार्थ्यांना संशोधन शिकवताना मी एवढंच सांगत आले, की दुसऱ्याला प्रश्न विचारायच्या आधी, त्यावर आपली सही कुठे लागणार आहे ते पाहून ठेवावं.