सईचं एकटीचं उड्डाण

माझी भाची सई आज पहिल्यांदा एकटी विमान उडवत होती. लहानपणी तिला मी विमान चालवताना शेजारच्या सीटवर बसवून हे वेड मीच लावलं होतं. आता मी आणि तिचे वडील, म्हणजे माझा भाऊ, धावपट्टीच्या कडेला उभे होतो आणि वारा अचानक आडवा सुटला होता. उतरता उतरता तिचं छोटं विमान एका बाजूला कललं.

"वर घे, सई!" मी ओरडले. तिला ऐकू येणार नव्हतं, पण तिनं विमान वर उचललं. ती फेरा मारून येईपर्यंत भाऊ डोळे मिटून होता. मला वाटलं, आवड देऊन टाकता येते. भीती मात्र आपल्याजवळच राहते.

दुसऱ्या खेपेला चाकं अलगद टेकली. सई घामानं भिजून बाहेर आली.

"आत्या, उद्या परत जाऊ?"

भावानं माझ्याकडे पाहिलं. 'नाही' अगदी माझ्या ओठांवर आलं होतं.

"जा," मी म्हणाले.