वैमानिकाची चूक आणि खंडेनवमीचा पाना

विमान मी तोवर खालून, मान मोडेपर्यंत वर बघतच पाहिलं होतं. तरी त्या दिवशी केडगावच्या गॅरेजात विमानावरून असा भांडलो, की जणू त्याचं इंजिन दर सोमवारी मीच खोलून पुसत होतो.

दुष्काळाचं साल होतं. एका मालट्रकवाल्या शेठकडे मी फिटर होतो. पेपरात बातमी आली, की परदेशात कुठं तरी प्रवासी विमान धुक्यात डोंगरावर आदळलं, एकही माणूस वाचला नाही. आणि खाली लगेच ‘वैमानिकाची चूक असावी’. अहो, मढी अजून डोंगरावरून खाली आली नव्हती आणि हे निकाल लावून मोकळे! माझं टाळकं असं तापलं, की त्यावर आधण ठेवलं असतं तर अख्ख्या केडगावाला चहा पुरला असता.

मॅनेजर पेपराची घडी घालत म्हणाला, "कंपनी येवढं म्हागाचं इमान देती, ती चुकंल व्हय? चालवनाराच पेंगला आसंल."

"त्याला धुक्यात धाडला कुनी?" मी ओरडलो. "त्यो म्हनला आसंल, सायेब, आज नगं. वरून हुकूम आला आसंल, प्याशिंजर खोळंबल्यात, जा गुमान!"

"तू हुतास का रं तितं?"

"न्हवतो! पेपरवाला तरी हुता का?"

"हांडेल कुनाच्या हातात हुतं त्ये सांग."

विमानाला हँडल असतं की नसतं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. तरी त्यावर आम्ही घसा बसेपर्यंत भांडलो.

खरं भांडण विमानाचं नव्हतंच. चारच दिवसांपूर्वी आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, ज्यांना सगळं गॅरेज मामा म्हणायचं, कामरगावच्या घाटात कडब्याच्या ट्रकसकट उलटले होते. पाय मोडून ते दवाखान्यात पडले होते आणि मॅनेजरच्या खिशात कागद तयार होता, ‘ड्रायव्हरची चूक, ब्रेक ठणठणीत’. खाली फिटरची सही तेवढी राहिली होती. ती झाली की मामांची नोकरी गेली, लायसनही गेलं.

ब्रेक कसले ठणठणीत! गाडी उलटली त्याच दिवशी, खंडेनवमीच्या सकाळीच, मामांनी सांगितलं होतं, पाय दाबला तर थेट पत्र्याला टेकतोय. पण हत्यारं पाटावर मांडलेली, त्यांना हळदकुंकू वाहिलेलं. त्या दिवशी पान्याला हात लावायचा नाही, हा आमचा नेम. तोही असा कडक, की एखादा नट आपणहून निखळून पायावर पडला असता तरी मी त्याला नमस्कारच केला असता. मॅनेजर म्हणाला, "छावनीत जनावरं उपाशी हायेत. गाडीला हार घातलाय, देव बघंल. ब्रेकचं उद्या बघू." मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी प्रसादाचं खोबरं चावत होतो. चावतच राहिलो.

आता तेच तोंड वाजत होतं. "धाडनारा चुकला! डोंगरावर दिवा न लावनारा चुकला! इमान तपासनारा..."

मी थांबलो. मॅनेजर हसला.

"बोल की. आपल्याकडं तपासनारा कोन हाय रं? माजं नाव घेशील तर तुजं बी येतंय त्यात. मुकाट सही कर, दोगं बी सुटू."

इतका संताप मला आयुष्यात आला नाही. त्याचा आला, आणि त्याच्यापेक्षा माझा जास्त. त्याच्या हातातून कागद ओढला, पालथा केला आणि ग्रीसच्या हातानं लिहिलं, ‘ब्रेक लागत नाहीत हे ड्रायव्हरनं सांगितलं. मी ऐकलं. पाना उचलला नाही. मॅनेजरनं गाडी पाठवली.’ खाली सही ठोकली आणि तो कागद थेट शेठच्या पुढ्यात नेऊन ठेवला. मामांची नोकरी राहिली. माझी त्याच दुपारी गेली. मॅनेजरला मात्र कुणी शब्दानंही विचारलं नाही. त्याची खुर्ची विमानाच्याही वर होती.

संध्याकाळी दवाखान्यात जाऊन मामांना सगळं तिखटमीठ लावून ऐकवलं. मॅनेजर कसा थरथरला, शेठचं धोतर कसं सुटायला आलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"लई ब्येस केलंस," ते म्हणाले. "पर ह्यातलं निम्मं त्या सकाळी बोलला आसतास तर?"

आणि प्लॅस्टरचा पाय दोन्ही हातांनी उचलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.