बर्फातला पाइन

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. आणि नशीब असं, की पीएचडीला काम मिळालं ते तासन् तास सूक्ष्मदर्शकापुढे बसण्याचं. पाइनच्या कोवळ्या बीमधून काढलेला ऊतींचा गोळा डिशमध्ये, अंधारात वाढवायचा आणि त्यातल्या पेशी विभागताना आत काय चालतं ते पाहायचं. एका पेशीच्या दोन होताना आत अतिशय बारीक नळ्यांचे धागे उभे राहतात. त्यांना सूक्ष्मनलिका म्हणतात; गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेतात ते हेच. प्राण्यांच्या पेशीत या धाग्यांना धरून ठेवणारं एक केंद्र असतं. पाइनच्या पेशीत असा कुणी मुकादमच नाही. धागे केंद्रकाभोवती जमेल तिथून निघतात आणि आपापसात बरोबर जागा धरतात. ते कसं, हेच मला शोधायचं होतं.

बाबांचा मासळीचा धंदा. ते म्हणायचे, "पाइन म्हंजे आपला सुरूच ना? काशीदला बघ किती उभे हायत. त्याच्यासाठी मुंबईला कशाला जायाला पायजे?" सुरू दिसतो सुईच्या पानांचा, म्हणून सगळेच फसतात, पण तो पाइनच्या कुळातला नव्हे. हे मी इतक्यांदा सांगितलं होतं की पुढे पुढे ते मला चिडवायलाच विचारत.

गेल्या हिवाळ्यात आमच्या प्रयोगशाळेच्या इमारतीची वीज दुरुस्तीसाठी बंद राहणार होती. माझ्या बहुतेक डिश त्याआधीच बुरशीनं गेल्या होत्या. एकच वाण उरला होता, एकाच बीपासून वाढवलेला. तो गेला असता तर प्रबंधाचा शेवटचा भाग तिथंच अडला असता. तो दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवायला माझं मन घेईना. भावाचा साखरपुडा होताच, म्हणून त्या डिश डब्यात घालून गावी आणल्या आणि आईच्या लुगड्यांच्या कपाटात ठेवल्या. तिथं अंधार होता, आणि थंडीच्या दिवसांत हवी तेवढीच ऊब.

दुसऱ्या दिवशी आईबरोबर म्हसळ्याला आत्याकडे आमंत्रण द्यायला जायचं होतं. निघताना बाबांना बजावलं, "डब्यातला माल जिवंत आहे. खराब होऊ देऊ नका."

"तू जा गं. माल नासवणारा माणूस न्हाय मी," ते म्हणाले.

आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत मी बाकावर टेकलेच नाही. आई म्हणाली, "तू उभी राहिलीस म्हणून बोट लवकर पोचणार हाय काय?" आत्याकडे चहा अर्धा टाकून दोनदा फोन लावला. बाबांनी उचलला नाही, पण बंदरावर असले की ते कधीच उचलत नाहीत. जेवणात माझं लक्ष नव्हतं, आणि आत्यानं ते बोलूनही दाखवलं.

संध्याकाळी घरी पोचून आधी कपाट उघडलं. डबा नव्हता.

"बर्फात ठेवलाय," बाबा ओटीवरून म्हणाले. "दुपारी हात लावला तर कोमट लागला. असा माल कोण उघड्यावर ठेवतं?"

ओटीवर थर्माकोलचा खोका होता, त्यात बर्फाचा चुरा, वर बांगडे आणि त्यांच्याखाली माझा डबा. आमच्याकडे खराब होऊ द्यायचं नाही म्हणजे बर्फात घालायचं. याला दुसरा अर्थच नाही. आणि थंडीत पेशींतल्या त्या बारीक नळ्या विरघळून जातात, हे मला पक्कं माहीत होतं. माझं डोकं फिरलं. "बाबा, बर्फात मेलेलं ठेवतात. मी जिवंत म्हणून सांगितलं होतं." डबा काढून त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं पुसला आणि माझ्या हातात दिला. मी तो परत कपाटात ठेवला. साखरपुड्यात मी हसतमुखानं फिरत होते, पण सारा जीव त्या कपाटात होता.

वीज आल्याचं कळताच मुंबई गाठली. थोडी ऊती रंगवून काचेखाली घेतली आणि श्वास रोखून पाहिलं. ऊब मिळून धागे परत आले होते. केंद्रकाभोवती ते पुन्हा उभे राहिले होते आणि काही पेशींत गुणसूत्रं मधोमध येऊन ठेपली होती. मला इतका आनंद झाला की तिथूनच बाबांना फोन केला. "जगलं," मी म्हणाले. त्यांनी ते सगळ्या बंदराला सांगितलं.

पण मी घाबरत होते थंडीला, आणि आत शिरलं होतं पाणी. वितळलेला बर्फ डिशच्या कडेला गुंडाळलेल्या चिकटपट्टीखालून झिरपला होता आणि बांगड्यांवरचं जे काही असेल ते सोबत घेऊन गेला होता. काही दिवसांत एकेक डिश गढूळ होत गेली, मग वास मारू लागली. शेवटी सगळ्या जंतू मारायच्या वाफेच्या भांड्यात घालून मारून टाकल्या. त्या संध्याकाळी मी समुद्राच्या कडेनं नुसती चालत सुटले. खोलीवर जायची इच्छा नव्हती.

बाबांचा फोन ठरल्यासारखा यायचा, तसा दुसऱ्या दिवशीही आला. "काय म्हणतो तुझा पाइन?"

"मस्त आहे. एकदम ताजा," मी म्हणाले.

ते म्हणाले, "बाय, आख्खा जन्म गिऱ्हाइकाला ताजा हाय, ताजा हाय सांगत आलो. तो आवाज मला वळखू येतो."

मी उठून येरझारा घालू लागले.

"सगळाच गेला?"

"सगळा."

पलीकडे लिलावाचा गलका ऐकू येत होता. कुणीतरी त्यांना हाक मारून भाव विचारत होतं, परत परत. माल समोर असताना माझे बाबा कधी कुणासाठी थांबत नाहीत. त्या दिवशी त्यांनी कुणालाच उत्तर दिलं नाही; नुसता फोन कानाला धरून उभे राहिले.