नंदाताई गप्प बसायच्या तेव्हा

आताचे ते मुलाखत घेणारे! पाहुण्याला प्रश्न विचारतात आणि उत्तरही आपणच देऊन मोकळे होतात. नंदाताईंचं तसं नव्हतं. ब्लॅक अँड व्हाईट टीव्हीच्या त्या दिवसांत त्या एकच प्रश्न विचारायच्या, हनुवटीखाली हात घ्यायच्या आणि गप्प बसायच्या. समोरच्याला बोलावंच लागायचं.

लोणावळ्याजवळच्या ठाकरवाडीतली हिरी त्यांच्यावर जीव टाकायची. बाजारात मोळी विकली की डोंगर चढायच्या आधी ती पायथ्याच्या गावातल्या शाळेच्या पटांगणात, पंचायतीच्या टीव्हीपुढं बसायचीच. आणि बसून नंदाताईंना उत्तरं द्यायची! लोक खो खो हसायचे. हिरी म्हणायची, "येवढं मायेनं इचारत्यात, आन आपुन गप बसायचं व्हय?" वाडीत विचारलेल्याला उत्तर न देणं म्हणजे त्याचा अपमान.

त्या संध्याकाळी मात्र ती नुसती वाट बघत बसली होती. नंदाताईंसमोर आज गावचाच अंबाजी बसणार होता, रेल्वेत रूळ तपासणारा. घाटात दरड कोसळली, त्यानं लाल झेंडी घेऊन धावत जाऊन गाडी थांबवली, म्हणून हा मान. पण दरड पाहिली होती हिरीच्या नवऱ्यानं, बहिरूनं. खबर द्यायला तो कडा उतरून धावला, त्यानं अंबाजीला गाठलं आणि तिथंच तो घसरून पाय मोडून बसला.

मुंबईला जाण्याआधी अंबाजी वाडीवर आला होता. "बहिरू, देवाशपथ, टीव्हीवर तुजं नाव घेतो. सायेब आयकत्याल, पाय बरा झाला का लाइनीवर काम देत्याल." लंगडा माणूस आता कडे कुठले चढणार आणि मोळ्या कुठल्या आणणार? घरची सगळी भिस्त त्या एका नावावर होती.

पुढं खुर्चीवर अंबाजीची बायको सरुबाई बसली होती, नवं लुगडं नेसून. हिरी मागं जमिनीवर. टीव्हीत अंबाजी दिसला आणि पोरांनी टाळ्या पिटल्या. पाऊस कसा होता, गाडी कशी आली, सगळं त्यानं रंगवून सांगितलं. बहिरूचा पत्ता नाही.

मग नंदाताईंनी विचारलं, "अंबाजी, दरड पडल्याचं तुम्हाला कळलं कसं? बरोबर कुणी होतं का?" हात हनुवटीखाली गेला.

अंबाजीनं मान खाली घातली. "बोल की रं मुडद्या," ती पुटपुटली. अंबाजी बोलेना. नंदाताई थेट आपल्याकडंच बघतायत असं हिरीला वाटलं, आणि ती ताडकन उभी राहिली.

"व्हता की ताई! माजा मालक व्हता! पाय मोडून घेतला त्यानं!"

"न्हाई ताई," टीव्हीतून अंबाजी म्हणाला. "कुनी न्हवतं. मी एकलाच."

नंदाताईंनी मान डोलावली.

"खोटं बोलतोय त्यो! ताई, आयका की!" हिरीला रडू फुटलं.

"ए, खाली बस! त्यास्नी काय आयकू येतंय व्हय?" कुणीतरी खेकसलं.

तेवढ्यात सरुबाई उठली. टीव्हीत तिचा नवरा आता हसत होता. तिनं पदर सावरला आणि टीव्हीलाच हात जोडले.

"बहिरू व्हता, ताई. त्यानंच येऊन सांगितलं. आमचं ह्येच मला घरी बोललं व्हतं."

तिला खाली बस म्हणायची कुणाची छाती झाली नाही. सगळा गाव ऐकत होता. सरुबाई कुणाकडं न बघता तरातरा पटांगणाबाहेर निघून गेली.

हिरी वाडीवर पोचली तेव्हा बहिरू दारातच पाय लांब करून वाट बघत होता.

"घेतलं का गं अंबाजीनं नाव?"

"न्हाई. सरुबाईनं घेतलं. समद्या गावाम्होरं."

बहिरूनं दुखरा पाय हातानं जवळ ओढून घेतला. मग म्हणाला, "उद्या त्यो परत येईल. तिला घरात ठेवील का गं?"