पुण्याला पाठवलेलं स्वप्न

“किसने बंद किया? अरे, लूम किसने बंद किया?”

लोखंडी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहून एक कारीगर ओरडत होता. अंगात गंजी, कमरेला लुंगी, डोळे अजून झोपेतच. त्याच्यामागून दुसरा आला, दुसऱ्यामागून तिसरा. मी सांगते, दोनशे माणसं उतरली त्या जिन्यावरून. आई म्हणते, सात-आठ असतील. आईचा हात पहिल्यापासून आखडता.

भर दुपार होती. खाली लूमचा कारखाना, वर रात्रपाळीवाल्यांच्या खोल्या आणि कारखान्याच्या भिंतीला भिंत लावून आमचं घर. भिवंडीत माणसाला आवाजानं जाग येत नाही, आवाज थांबला की येते. पाळण्यात असताना मी लूमच्या खडखडाटात ढाराढूर झोपायचे आणि लाइट गेली की असा टाहो फोडायचे, की म्हणे मानकोलीच्या नाक्यावर ट्रक थांबायचे. मोठ्या माणसांचंही तेच. लूम थांबले म्हणजे एकतर लाइट गेली, नाहीतर गावात काहीतरी झालं. दोन्ही वेळा उठून बाहेर येऊन बघावंच लागतं.

“लाइट है,” मी म्हणाले.

“फिर?”

“रेकॉर्डिंग चल रहा है.”

“काहे का?”

“सपने का.”

तो मागच्यांकडे वळून म्हणाला, “सुन लो. हमारा सपना तोडके बहनजी किसी और का सपना टेप में भर रही हैं.”

ते कोणी और म्हणजे माझे बाबा. आमच्या ओट्यावर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. इस्त्री बघून आई सकाळीच म्हणाली होती, “टेपात शर्ट दिसत नाही.”

“पुन्याचे लोक हाएत,” बाबा म्हणाले होते.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. मी मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाले होते आणि शाळेत शिकवत होते. ते मानसशास्त्र कुठे खर्च करावं हे कळत नव्हतं. अशात पेपरात एक चौकट दिसली. पुण्यात स्वप्नांच्या अभ्यासावर परिषद भरणार होती आणि ज्यांना तिथे आपला विषय मांडायचा आहे त्यांच्याकडून प्रस्ताव मागवले होते. मी ती चौकट मोठ्यानं वाचली. बाबांचे कान लूमनं केव्हाच खाऊन टाकले होते, पण ओठांवरून ते सगळं टिपायचे.

“सपनाचा अर्थ सांगनारी मानसं हाएत तिथं?”

“अर्थ नाही सांगत बाबा, अभ्यास करतात.”

“मंग तेच ते.”

बाबांना एक स्वप्न पडायचं. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं.

माझी आजी, म्हणजे बाबांची आई, राहनाळच्या पलीकडच्या गावात राहायची. जन्मभर दुसऱ्यांच्या भातशेतात वाकलेली बाई. शेवटी तिच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं आणि वाचा बसली. निरोप कारखान्यात आला तेव्हा बाबांच्या लूमवरचा ताका, म्हणजे कापडाचा तागा, उतरायला आला होता. तेवढा उतरवून ते निघाले. पोचले तेव्हा आजीला खाली घेतलं होतं.

आत्या म्हणाली, “सारखी हातानं काय तरी सांगत व्हती रं. आमाला काय उमगंना. तू असतास तर तुला कळलं असतं.”

यात टोमणा नव्हता. चालू लूममध्ये तोंडाच्या बोलण्याला काही किंमत नसते. तिथे हातानं बोलतात. दोन बोटं एकमेकांपासून झटकून सोडली की सुताची तार तुटली. अंगठा ओठाला लावला की चहा आला. मिशीवरून बोट फिरलं की शेठ आला. बाबा त्या बोलीतले पट्टीचे वक्ते. कारखान्याच्या या टोकावरून त्या टोकाला अशी शिवी हासडायचे, की शेठ आपल्याला नमस्कार केला समजून हात वर करायचा. आणि नेमकी सगळ्या जन्मात एकदाच त्यांची आई हातानं बोलली, तेव्हा ते वाचायला बाबा तिथे नव्हते.

तेव्हापासून ते स्वप्न सुरू झालं. कारखाना भरलेला, सगळे लूम चालू, पण आवाज अजिबात नाही. दोन लूमच्या मधल्या वाटेत आजी उभी. लुगड्याचा काष्टा, पोटरीपर्यंत लावणीचा चिखल. तिनं आयुष्यात लूम पाहिला नव्हता. ती हातानं काहीतरी सांगते, बाबांना ते समजत नाही आणि बाबा जागे होतात.

“पुन्याला इचार,” बाबा म्हणाले. एवढंच.

मी कशाला नुसतं विचारतेय? मी प्रस्ताव लिहिला. ‘यंत्रमाग कामगारांच्या स्वप्नांतील मूकभाषा: एक व्यापक पाहणी.’ व्यापक पाहणी म्हणजे बाबा. पण मी अख्खी भिवंडी झोपवली. खाडीपासून नाक्यापर्यंत हजारो कारीगर रोज झोपेत हात हलवतात, त्या हातांनी खोल्यांत वारा सुटतो आणि पंखा लावावा लागत नाही, असं लिहायचं फक्त बाकी होतं. अगदी शेवटी बाबांचा प्रश्न घातला होता. पण शब्दांची मर्यादा दिली होती आणि मजकूर थोडा जास्त होत होता. म्हणून शेवटचं वाक्य काढलं. आज वाटतं, वरचं सगळं काढून तेवढंच एक वाक्य पाठवायला हवं होतं. पोस्टकार्डावर मावलं असतं.

परिषदेचं उत्तर आलं. विषय रोचक आहे, पण कामगाराच्या स्वतःच्या आवाजात स्वप्नाचं निवेदन हवं, त्याची ध्वनिफीत जोडावी, मग निर्णय घेऊ. मी ते वाचून दाखवलं तेव्हा बाबांनी पत्र हातात घेतलं आणि सही बघितली. सही लांबलचक होती. त्यांना ती आवडली.

टेप मिळाला, शेजारच्या शिंप्याचा. शांतता कुठून आणायची? सुट्टीच्या दिवशी लूम बंद असतात, पण मग गल्लीतल्या खोल्याखोल्यांतून गाणी सुरू होतात आणि त्यांचा एकमेकांशी सामना चालतो. मी सरळ शेठकडे गेले.

“लूम बंद?” शेठ म्हणाला. “स्वप्नासाठी? मास्तरीणबाई, मला रोज स्वप्न पडतं की लूम बंद पडले. ओरडत उठतो मी.”

“पुण्यात मोठमोठ्या विद्वानांसमोर तुमच्या कारखान्याचं नाव घेणार आहे.”

शेठनं पानाची पिंक टाकली. “माझं पण घे. पूर्ण घे, वडिलांच्या नावासकट.”

चहा पिऊन होईपर्यंत लूम थांबवायचे ठरले. खटका खाली ओढला आणि गल्लीवर अशी शांतता पडली, की दूरच्या कारखान्यांचा आवाज पावसासारखा ऐकू यायला लागला. आणि तेवढ्यात ती जिन्यावरची दोनशे माणसं उतरली. किंवा सात-आठ.

बाबांनी त्यांच्याकडे पाहून नुसता तळहात खाली दाबला. बसा. ती बसली, पायऱ्यांवर, एकाखाली एक. मी टेपचं बटण दाबलं.

बाबा फार छान बोलले. एरवी बहिऱ्या माणसासारखे ओरडून बोलायचे, त्या दिवशी आवाज खाली आला होता. निरोप आला, ताका उतरवला, गावाला पोचलो, सगळं सांगितलं. आत्याचं वाक्य सांगितलं. मग कारखाना, आवाज न करणारे लूम, चिखलाचे पाय.

“आनि मंग आय माज्याकडं बघून,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी हात वर केले.

दोन्ही तळवे उघडे, काहीतरी घ्यायला धरावेत तसे. मग ते हळूच पालथे झाले. मग उजवा हात छातीकडे गेला, पण टेकला नाही, अलीकडेच थांबला. पुन्हा पहिल्यापासून. बाबांचा चेहरासुद्धा बदलला होता. मी आजीला फारसं पाहिलेलं नाही, पण त्या दिवशी ओट्यावर पाहिलं.

जिन्यावरचा पहिला कारीगर, तो ओरडणारा, पुढे सरकला. त्यानं हातानंच काही विचारलं. बाबांनी मान हलवली, नाही. दुसऱ्यानं वेगळंच काही करून दाखवलं. तेही नाही. तिसऱ्यानं बाबांची ती खूण स्वतः करून पाहिली, छातीपाशी थांबला आणि तसाच बसून राहिला. मग सगळा जिना बोलायला लागला. हात वर, हात खाली, बोटं, मनगटं, एकाचं म्हणणं दुसऱ्यानं खोडायचं, बाबांनी दोघांचं खोडायचं. कोणाच्या तोंडातून शब्द नाही. शेठ चहाचा कप धरून उभा होता, त्याचा चहा गार झाला.

मला त्यातली एक ओळ वाचता आली नाही. मुलीला कारखान्याचा उंबरा ओलांडावा लागू नये म्हणून बाबांनी शाळेत घातलं होतं. मी इंग्रजी शिकले, संस्कृत शिकले, फ्रॉइडचं स्पेलिंग शिकले. घरातल्या माणसाची बोली तेवढी राहिली. कधीही शिकता आली असती, फुकट, जेवताना. आता शिकवायला ते नाहीत.

टेपची चाकं मात्र फिरत होती आणि मी खूश होते. जगात असं रेकॉर्डिंग कोणी केलं नसेल, मी मनात म्हणत होते. ते अगदी खरं होतं.

शेठनं खटका वर केला. कारीगर जांभया देत झोपायला गेले. शिंप्याला टेप परत हवा होता, फीत त्याच दुपारी पोस्टात पडली. ऐकून बघायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. बाबांच्या नाही, आईच्या नाही, बी.ए. झालेल्या माझ्याही नाही. काय ऐकायचं होतं? सगळं तर समोर पाहिलं होतं.

परिषदेचं दुसरं पत्र लवकर आलं. पत्र चांगलं होतं, अपमानाचं काही नव्हतं. निवेदन हृद्य आहे, पण नेमक्या जागी फितीवर बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. निवेदकाच्या आई त्या वेळी काय सांगतात, ते कृपया एका वाक्यात लिहून पाठवावे, म्हणजे प्रस्ताव स्वीकारता येईल.

एक वाक्य. मागणारी माणसं चुकीची नव्हती आणि देणारी मी. मी हवी तेवढी वाक्यं देऊ शकले असते, रडवणारी, टाळ्या घेणारी. पेनाचं टोपणसुद्धा काढलं. पण बाबा समोर येऊन बसले होते आणि माझ्या ओठांकडे बघत होते. पुण्याहून काय अर्थ आला, ते ऐकायला.

मी सावकाश, ओठ मोठे करून म्हणाले, “बाबा, त्यांचं एवढंच म्हणणं आहे. आजी काय सांगते ते एका वाक्यात कळवा, मग ते घेतील आपल्याला.”

बाबांनी पत्र हातात घेतलं, सही पुन्हा एकदा बघितली आणि घडी करून माझ्याकडे दिलं.

“ते मला ठावं असतं,” ते म्हणाले, “तर पुन्याला कशाला इचारलं असतं.”