तांड्यावरचं खिल्लार

उमरखेड सोडलं तेव्हा नऊ वाजले होते. मी आणि बायको सुधा नांदेडहून यवतमाळला निघालो होतो. वाटेत एका तांड्यावर (बंजारा वस्तीवर) थांबायचं होतं. तिथल्या देवलाबाबांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरत. त्या बैलांच्या वंशाची गुरं बाबा अजून राखतात, असं ऐकलं होतं.

"तुमी येनार म्हणून आज चराले सोडली नाही," बाबा म्हणाले. दगडी कुंपणात तीसेक करडी जनावरं उभी होती. मधोमध वळू. "हा एकच उरला जुन्या रक्ताचा." मी फाटक उघडून आत गेलो, फोटो काढले. मग बाबांच्या सुनेनं, शांतानं, जेवायला हाक मारली.

भाकर आणि ठेचा खात होतो, तोच शांता ओरडली, "बाबा, गुरं कापल्या ज्वारीत गेली!"

बाबा ताट टाकून धावले. ज्वारीच्या खुंटांना पाण्यावाचून फुटलेले कोवळे कोंब गुरांना विष असतात, हे मला तेव्हा कळलं. एक गाय आडवी पडून तोंडातून फेस काढत होती. वळूचे पाय थरथरत होते.

"बापू, गाडी काढा! डॉक्टरले आणा!" बाबा मला ओरडून म्हणाले.

गुरांचे डॉक्टर दुसऱ्या गावी गेले होते. त्यांना शोधून आणेपर्यंत तास गेला. सुधा आणि शांतानं काठ्या घेऊन बाकीची गुरं हाकलून आणली होती. डॉक्टरांनी शिरेत इंजेक्शनं दिली, दोन गाई उठल्या. वळू मात्र आधीच गेला होता. बाबा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

"बाजारात चांगला वळू मिळेल," डॉक्टर म्हणाले.

"आणीन साहेब. पण थो याच्या रक्ताचा नसन."

मला राहवेना. "बाबा, फाटक मीच उघडं टाकलं."

त्यांनी वर पाहिलं नाही. "मले दिसलं होतं, बापू. म्या म्हटलं, पाव्हणे लावतीन."

मग आम्ही यवतमाळला निघालो. नंतर मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा शांता बोलली, बाबा आले नाहीत. कुठंही गेलो की मी म्हणायचो, आम्ही नुसतं पाहायला आलोय. आता ते वाक्य तोंडातून निघत नाही.