पांगालेंगानची वाफ आणि कुकरच्या तीन शिट्ट्या

सिंगापुरात यिशुनच्या आमच्या घरापासून गरम पाण्याचा झरा बसने अगदी जवळ आहे. सेंबावांगच्या त्या बागेत लोक रविवारी बादलीत पाय सोडून बसतात, अंडी उकडून खातात, आणि हे सगळं फुकट. त्यामुळे "गरम पाण्याचे झरे बघायला जावा बेटावर चाललोय" असं सांगितल्यावर माझ्या मैत्रिणीने कपाळाला हात लावला. तिचंही बरोबर होतं. पण खरं कारण झरा नव्हताच. खरं कारण आमचे चीफ इंजिनिअर होते.

चीफ म्हणजे माझा नवरा, सुधीर. लग्न झाल्यापासून तो जहाजावर आणि मी किनाऱ्यावर. एक कॉन्ट्रॅक्ट संपवून तो घरी आला होता आणि आता त्याच्यासमोर दोन वाटा होत्या: आणखी एकदा जहाजावर चढायचं, किंवा तांजोंग पगारच्या ऑफिसात किनाऱ्यावरची नोकरी घ्यायची. महिनाअखेरीला उत्तर द्यायचं होतं. जहाज निवडलं तर आधी मेडिकल आणि मग रवानगी. त्याने राहावं अशी माझी इच्छा होती, आणि ती मी लपवलेलीही नव्हती. इरा, आमची मुलगी, व्हिडिओ कॉलवरच्या बापाबरोबर वाढली. निदान तिचं कॉलेज संपेपर्यंत तरी बाप घरात दिसावा, एवढंच माझं म्हणणं. पण विषय काढला की चीफसाहेब "बघू" म्हणून गॅलरीत जात. म्हणून मी ठरवलं की याला अशा ठिकाणी न्यायचं, जिथे नेटवर्क नाही आणि गॅलरीही नाही. डोंगरातल्या जीपमधून उतरून जाणार कुठे?

निघायच्या आधीच्या रविवारी आमच्याकडे खिचडी जळली. "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर" एवढं सांगून मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर घरभर करपल्याचा वास, आणि हे महाशय स्वयंपाकघराला लागूनच खुर्चीत, मोबाईलमध्ये डोकं घालून. "झाल्या का? कळलंच नाही," म्हणाला. मी मोबाईल या विषयावर बरंच काही ऐकवलं. इरा खोलीतून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "आई, रिलॅक्स लाह, इट्स ओन्ली खिचडी!"

आता जायचं कसं ते सांगते. सिंगापूर ते जाकार्ता विमानाने दोन तासांच्या आत, आणि जाकार्ताहून बांडुंगला वेगवान रेल्वे. भारतीय पासपोर्टवर उतरल्यावर व्हिसा मिळतो, पण तो आधीच ऑनलाइन काढला तर रांग वाचते. आम्ही रात्री बांडुंगला मुक्काम केला आणि पहाटे टॅक्सीने दक्षिणेला पांगालेंगानला निघालो. रस्ता चांगला आहे पण वळणांचा, त्यामुळे ज्यांना गाडी लागते त्यांनी पोटभर नाश्ता करून निघू नये. मी केला होता.

पांगालेंगान उंचावर आहे. सिंगापूरच्या घामट हवेतून तिथे उतरलं की पहिल्यांदा स्वेटर शोधावा लागतो. आमचा वाटाड्या आणि ड्रायव्हर एकच, असेप नावाचा पन्नाशीचा हसरा माणूस. आपण दादा म्हणतो तसं तिकडे 'कांग' म्हणतात, म्हणून तो कांग असेप. त्याची लँड रोव्हर इरापेक्षा वयाने मोठी. भाडं माणशी नसतं, अख्ख्या गाडीचं असतं, त्यात जेवण आणि प्रवेशाची तिकिटं आली. त्यामुळे चौघं-पाचजण जमवलेत तर फारच स्वस्त पडेल. सुधीरने कांग असेपला नमस्कार करण्याआधी बॉनेट उघडायला लावलं. दोघंही आत डोकं घालून मान डोलावत उभे राहिले. इरा म्हणाली, "झालं. बाबाला मित्र मिळाला."

सुरुवातीला चहाचे मळे. डोंगरच्या डोंगर नीट कातरल्यासारखे हिरवे, मधून टोपल्या घेतलेल्या बायका. मग डांबरी रस्ता संपतो आणि खरी गंमत सुरू होते. काळीभोर ज्वालामुखीची माती, पावसाने पडलेल्या घळी, बाजूला पाइनचं जंगल. गाडी एकेका खड्ड्यात उतरते तेव्हा आपण वरच्या दांडीला लोंबकळतो. "पलान-पलान," असेप स्वतःलाच सांगत होता. हळूहळू. माझ्या कमरेने त्याला मनापासून दुजोरा दिला.

जंगलातून बाहेर पडलो तर डोंगरावरून चंदेरी पाइप उतरत होते, माणूस आत वाकून चालू शकेल एवढे जाड. खालच्या वाफेवर इथे वीज बनवतात. सुधीर एकदम खुलला. पाइप ठरावीक अंतरावर चौकोनी वळसा का घेतात, तापून लांबी वाढली तर तिला जागा कशी लागते, हे तो इराला हातांनी दाखवत होता. बऱ्याच दिवसांनी मी त्याला असं भरभरून बोलताना पाहिलं. इराने काहीतरी विचारलं, पण तो बोलतच राहिला. ती बाहेर बघायला लागली. मला राग आला, पण म्हटलं आता नको.

त्यानंतरच्या चढणीवर बॉनेटखालून बारीक, कर्कश किंकाळी सुरू झाली. दातांवर सुरी घासावी तशी. इराने कानांवर हात ठेवले. असेपने गाडी कडेला घेतली. आणि आमचे चीफ, ज्यांनी शेजाऱ्यांच्या एसीचा कॉम्प्रेसर बिघडणार हे एकेकाळी भिंतीपलीकडून सांगितलं होतं, ते मोबाईल काढून उत्साहाने खाली उतरले. "वा! फोटोला जागा झकास निवडली याने," म्हणाले आणि मळ्यांचे फोटो काढायला लागले.

बॉनेट उघडल्यावर त्याचं लक्ष गेलं. चेहरा क्षणभर उतरला. मग तो पुढे झाला, इंजिनचा पट्टा सैल झाला होता तो दोघांनी ताणून बसवला, आणि गाडी पुन्हा निघाली.

"तुला आवाज आला नाही?" मी विचारलं.

"आला की. मला वाटलं ब्रेक असेल."

ब्रेकचा आवाज आणि पट्ट्याचा आवाज यांत गल्लत करणाऱ्या ज्युनिअरला याने जहाजावर सोलून काढलं असतं. माझं मन थाऱ्यावर राहिलं नाही.

शेवटचा टप्पा पायी आहे, थोडाच. बूट चांगले हवेत आणि रुमाल हवा, कारण गंधकाचा वास नाकात बसतो. उतारावर सगळीकडे पिवळी-पांढरी भोकं आणि त्यांतून वाफ. वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहायचं आणि कठडा ओलांडायचा नाही, हे असेपने दोनदा बजावलं. एका ठिकाणी त्याने हात वर केला. "ऐका."

एका फटीतून वाफ शिट्टी मारत होती. बारीक, एकसुरी, न थांबणारी.

"अगं बाई, कुकरच!" मी म्हटलं. "सुधीर, तिसरी झाली रे, गॅस बंद कर!"

इरा खळखळून हसली. सुधीर आमच्याकडे पाठ करून उभा होता. तो वळला, आमचे चेहरे बघितले, आणि मग हसला. उशिरा, आणि कशाला ते न कळता.

इराने माझं मनगट धरलं. "आई, बाबाला ऐकू येत नाहीये." तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "ही ऑलवेज लाइक दॅट, यू नो. मी बोलले की नुसता माझ्या तोंडाकडे बघतो. आय थॉट ही डोन्ट वॉन्ट टू आन्सर मी."

तोवर सुधीर खाली बसला होता. कठड्याजवळच्या दगडावर त्याने तळहात टेकवला होता. "दाब चांगलाय हां," तो म्हणाला, "दगड थरथरतोय." आणि मला घरातलं सगळं आठवलं. फ्रिजवर ठेवलेला हात, वॉशिंग मशीनवर ठेवलेला हात. मी मैत्रिणींना हसत सांगत असे की आमच्या चीफना यंत्राला थोपटल्याशिवाय चैन पडत नाही. तो थोपटत नव्हता. मशीन चालू आहे की बंद, ते बघत होता.

खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: मेडिकलमध्ये कान तपासतात. हा नापास होईल आणि घरी राहील. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते असं मिळालेलं मला अजिबात नको होतं.

तिथून खाली उतरलं की गरम पाण्याचं कुंड आहे. कपडे बदलायला खोल्या आहेत, टॉवेल आपला न्यावा. बायकांसाठी एक सूचना: चांदीची जोडवी आणि पैंजण काढूनच पाण्यात उतरा. माझ्या ते लक्षात राहिलं नाही आणि जोडवी काळीकुट्ट झाली. पाणी मात्र सुरेख. कमरेच्या सगळ्या तक्रारी त्याने ऐकून घेतल्या. इरा काठावर गरम नूडल्स खात बसली होती. मी मुद्दाम सुधीरच्या समोर बसले, त्याला माझं तोंड दिसेल अशी.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्याने कसली टाळाटाळ केली नाही. बहुधा तोही थकला होता.

"नक्की सांगता येणार नाही. बारीक आवाज आधी गेले. गेल्या मेडिकलच्या वेळी काचेच्या खोलीत बसवतात ना, बीप वाजली की बटण दाबायचं. बाहेर नर्स बसलेली असते. बीप सोडताना तिचा खांदा हलला की मी दाबायचो. पास झालो."

"सुधीर!"

"इंजिनरूममध्ये चालून जातं गं. हात लावला की बेअरिंग कळतं. बाकी सेकंड इंजिनिअरचे कान चांगले आहेत." त्याने ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. "एकदा अलार्म वाजला तो मला ऐकू आला नाही. लाल दिवा फिरताना दिसला म्हणून धावलो. मी दिव्याकडे पाठ करून उभा असतो तर? आणि आज गाडी थांबली तर मला वाटलं, फोटोसाठी थांबवली."

"मग ऑफिसची नोकरी घे ना. मी केव्हाची सांगतेय."

"जहाजावर कोणाला कळत नाही, वृंदा. तिथे सगळेच ओरडून बोलतात. ऑफिसात चारजण टेबलाभोवती बसून हळू बोलणार. आणि घरी..." त्याने काठावरच्या इराकडे पाहिलं. "घरी तुम्ही दोघी हळू बोलता."

इतकी वर्षं मला वाटायचं, याला घरात करमत नाही. मी पाण्याखाली त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

जेवण एका मळ्याशेजारच्या बांबूच्या झोपडीत होतं. केळीच्या पानावर वाफाळता भात, तळलेलं टोफू, कच्च्या भाज्या आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. वर आल्याचं गरम पेय. शाकाहारी लोकांनी ठेच्यात वाळवलेली कोळंबी नाही ना, एवढं विचारून घ्यावं. परतीच्या वाटेवर इरा मागे बापाच्या शेजारी जाऊन बसली. तिने त्याच्या खांद्याला हात लावला, त्याने वळून बघेपर्यंत थांबली आणि मग विचारलं, "बाबा, पाइपला वळसा नसता तर काय झालं असतं?" सकाळचाच प्रश्न होता. तो बांडुंगपर्यंत उत्तर देत होता.

घरी येऊन आता दोन आठवडे होत आलेत. टॉवेलला गंधकाचा वास अजून आहे, जोडवी टूथपेस्टने घासूनही पूर्ण उजळलेली नाहीत. जावं का? जरूर जावं. सेंबावांगच्या झऱ्यावर अंडी चांगली उकडतात, पण तिथे पोहोचायला दिवसभर हाडं खिळखिळी करून घ्यावी लागत नाहीत, आणि आमच्या घरातली गोष्ट बाहेर पडायला तेवढी धडपड लागली. हे लिहू का, असं मी सुधीरला विचारलं. "लिही. आपल्या जहाजी लाइनमधले वाचतील. आणि कांग असेपची गाडी चांगली होती हेही लिही." लिहिलं.

काल तो एकटाच कान तपासायला तांजोंग पगारच्या क्लिनिकमध्ये गेला. मी घरी कुकर लावला आणि उगाच ओटा पुसत राहिले. तो आला, बूट काढले, स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसला.

मी गॅससमोरून वळून त्याच्याकडे तोंड केलं. "काय झालं?"

"या वेळी ऐकू आलं तेव्हाच बटण दाबलं."

"मग?"

"बराच वेळ नुसताच बसून होतो."

त्याने ऑफिसला होकाराचा फोन येतानाच केला होता. कानांच्या यंत्राचं माप द्यायला पुढच्या आठवड्यात जायचंय, इराही सोबत येणार आहे. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तेवढ्यात माझ्या मागे कुकर वाजला. माझी मान वळलेली त्याने पाहिली.

"झाली?" त्याने विचारलं.

"झाली. पहिली."

त्याने एक बोट दुमडलं आणि पुढच्या शिट्टीची वाट बघत माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला.